डेटाबेसमधील शेड्यूल्ड जॉब बंद पडणे

रात्रीचा बॅकअप, जुन्या नोंदींची सफाई, सारांश टेबल ताजे करणे अशी ठरल्या वेळी आपोआप व्हायची कामे डेटाबेस सुरू असतानाही होईनाशी झाली, की शेड्यूल्ड जॉब बंद पडला असे म्हणतात. हा बिघाड बहुधा गाजावाजा न करता येतो. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चुकली तर ती चालवणाऱ्याला तिथल्या तिथे एरर दिसते. जॉबसमोर मात्र कोणी बसलेले नसते. अहवालातले आकडे शिळे असल्याची तक्रार येईपर्यंत किंवा डिस्क भरेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

तपासात आधी एवढेच ठरवायचे असते: जॉब सुरू होऊन फसला, की सुरूच झाला नाही? फसला असेल तर हिस्ट्रीत, म्हणजे झालेल्या फेऱ्यांच्या नोंदीत, त्याची ओळ आणि एरर सापडते. हिस्ट्री कोरी असेल तर दोष बहुधा जॉबच्या बाहेर, म्हणजे जॉब वेळेवर सुरू करणाऱ्या शेड्यूलरमध्ये, वेळापत्रकात किंवा जॉबच्या मालकाच्या खात्यात असतो आणि कोड कितीही वाचला तरी हाती काही लागत नाही. तरीही बहुतेक जण आधी प्रोसिजर, म्हणजे जॉबचा कोडच उघडून बसतात. या दोहोंच्या मध्ये एक फसवी अवस्था आहे: मागची फेरी एखाद्या लॉकवर (दुसऱ्या कामाने अडवून ठेवलेल्या डेटावर) लटकलेली असते आणि ती संपेपर्यंत पुढची सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये जॉबची पायरी संपल्यावरच हिस्ट्रीत ओळ पडते, त्यामुळे लटकलेला जॉब हिस्ट्रीपुरता न चाललेल्या जॉबसारखाच दिसतो. म्हणून हिस्ट्रीसोबत चालू सेशनही (डेटाबेसशी त्या क्षणी असलेली जोडणीही) पाहावी लागतात.

ओरॅकल डेटाबेसमधल्या, जॉब चालवणाऱ्या जुन्या डीबीएमएस_जॉब पॅकेजचे वागणे सविस्तर पाहण्याजोगे आहे. जॉब फसला की एका मिनिटाने पुन्हा प्रयत्न होतो, मग दोन, चार, आठ असे अंतर दुप्पट होत जाते. ते जॉबच्या नेहमीच्या अंतरापेक्षा मोठे झाले की नेहमीच्याच अंतराने प्रयत्न सुरू राहतात. ओळीने १६ वेळा फसला की जॉबवर ‘ब्रोकन’ अशी खूण लागते आणि ओरॅकल त्याला पुन्हा हात लावत नाही. या हिशोबाने रोज चालणारा जॉब बाद व्हायला पाच दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण दर पाच मिनिटांनी चालणारा जॉब सव्वा तासाच्या आत बाद होतो. अशा जॉबची टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा) शनिवारी रात्री तासदीड तास भरलेली राहिली आणि नंतर जागा मोकळी झाली, तरी सोमवारी जॉब बंदच सापडतो. मूळ कारण तोवर नाहीसे झालेले असते. जॉबची यादी दाखवणाऱ्या यूजर_जॉब्स व्ह्यूमधले ब्रोकन, फेल्युअर्स आणि नेक्स्ट_डेट हे तीन कॉलम पाहिले की चित्र स्पष्ट होते. नेक्स्ट_डेटमध्ये १ जानेवारी ४००० ही तारीख दिसली तर जॉब ब्रोकन आहे हे वेगळे सांगायला नको.

ओरॅकलमधले सगळेच जॉब एकदम थांबले असतील तर एका वेळी किती जॉब चालू शकतात हे ठरवणारे जॉब_क्यू_प्रोसेसेस हे पॅरामीटर पाहावे. अपग्रेड किंवा देखभालीसाठी ते शून्य केले जाते आणि पूर्ववत करायचे राहून जाते. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये (फक्त खास परवानगी असलेल्यांसाठी) उघडलेल्या डेटाबेसमध्येही जॉब चालत नाहीत. नवा जॉब एकदाही चालला नसेल तर सबमिटनंतरचा कमिट (बदल पक्का करण्याची आज्ञा) राहिला आहे का ते बघावे. १०जी आवृत्तीपासून आलेल्या डीबीएमएस_शेड्यूलरमध्ये जॉब मुळातच डिसेबल्ड अवस्थेत तयार होतो. एक जुना किस्सा इथे नोंदवायलाच हवा. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. ओरॅकल ९आयच्या काही आवृत्त्यांत मशीन तेवढे दिवस रीस्टार्टविना चालले की जॉब थांबत असत.

मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपूर्वी इव्हेंट शेड्यूलर मुळात बंद असे. सेट ग्लोबल या आज्ञेने चालू केलेला शेड्यूलर सर्व्हर रीस्टार्ट होताच पुन्हा बंद होई, कारण कॉन्फिग फाइलमध्ये ती ओळ घातलेलीच नसे. रेप्लिकावर (मुख्य, म्हणजे प्रायमरी सर्व्हरच्या प्रतीवर) इव्हेंट, म्हणजे मायएसक्यूएलचे जॉब, जाणूनबुजून डिसेबल राहतात; रेप्लिकाला प्रायमरी केल्यावर ते हाताने एनेबल करायचे असतात आणि धावपळीत हेच निसटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जॉब चालवणारा एजंट ही स्वतंत्र सर्व्हिस आहे. इंजिन सुरू आणि एजंट बंद अशी स्थिती सहज येते. एक्स्प्रेस आवृत्तीत तर एजंट चालतच नाही. नोकरी सोडून गेलेल्या आणि खाते बंद झालेल्या माणसाच्या नावावर जॉब असणे हे तिथले नेहमीचे कारण. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अंगभूत शेड्यूलरच नाही. त्यासाठी पीजी_क्रॉन हे जोड-सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचे नाव शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये हवे. त्याची वेळ मूळ सेटिंगनुसार जीएमटी असते, त्यामुळे ‘जॉब चाललाच नाही’ या तक्रारीमागे तो काही तास आधी किंवा नंतर चालून गेलेला असू शकतो.

जॉब हाताने चालवून पाहणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दिशाभूल करणारा उपाय आहे. ओरॅकलमध्ये डीबीएमएस_जॉब.रन तुमच्याच सेशनमध्ये चालतो, जॉब_क्यू_प्रोसेसेस शून्य असले तरीही. जॉब यशस्वी झाला म्हणजे कोड ठीक आहे, इतकेच त्यातून कळते. शेड्यूलर जिवंत आहे की नाही ते नाही. त्यासाठी दोन मिनिटांनंतरची वेळ लावलेला, एका टेबलात वेळ नोंदवणारा छोटासा जॉब करावा आणि वाट पाहावी. तो चालला तर शेड्यूलर निर्दोष.

दुरुस्तीनंतर हुकलेल्या फेऱ्या एकेक करून भरून निघत नाहीत. ‘कालच्या नोंदी उचल’ असा जॉब चार दिवस बंद होता, तर चार दिवसांची भोके तशीच राहतात आणि ती महिनाअखेरीच्या बेरजेत सापडतात. ‘मागच्या यशस्वी फेरीनंतरच्या नोंदी उचल’ असे लिहिले तर पहिल्याच फेरीत मागचे सारे उरकते. फक्त ती फेरी नेहमीपेक्षा जड असते, तेव्हा ती गर्दीच्या वेळी सोडू नये.

देखरेखीचे बोलायचे तर एरर आल्यावर मेल पाठवणे पुरत नाही, कारण न चाललेला जॉब एरर देत नाही. शेवटच्या यशाची वेळ तपासावी आणि ती ठरल्या मुदतीपेक्षा जुनी झाली की सूचना यावी. ही तपासणी त्याच शेड्यूलरवर ठेवू नये. तो थांबला की तीही थांबते. हिस्ट्री किती टिकते हेही आधीच पाहून ठेवावे. एसक्यूएल सर्व्हर एजंट मूळ सेटिंगमध्ये एकूण १००० आणि प्रत्येक जॉबच्या १०० ओळी ठेवतो, आणि दर मिनिटाला चालणाऱ्या जॉबच्या त्या ओळी दोन तासांतच पुसल्या जातात.