नायट्रेट गेले कुठे?

'जिवाणूंची बाटली पाण्यात ओता, नायट्रेट गायब!' असल्या जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या कांदळवनातला चमचाभर चिखल घेतला तरी हे काम करणारे जिवाणू त्यात आधीच नांदत असतात, तेही फुकट. त्यांना सोबती नको, खाणे हवे.

ओहोटीला तिथल्या चिखलाचा वरचा तपकिरी थर बोटाने सारला की खाली काळा चिखल लागतो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. तिथे ऑक्सिजन नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आपण शेवटी ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. हे जिवाणू ते नायट्रेटच्या गळ्यात मारतात. मग नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, पुढे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू. हवेत 78 टक्के असतो तोच. शेतातल्या युरियाचे नायट्रेट होऊन ते पाण्यात मिसळते, ती पीडा इथे सुटते.

म्हणून चिखलात भुसा, गवत, शेणखत, काकवी असे काही घातले की नायट्रेट भराभर उतरते. पण उतरले म्हणजे गेलेच असे नाही. काही जिवाणू त्याचे अमोनियम करतात आणि नायट्रोजन चिखलातच राहतो. खरी मौज हिशेबात आहे. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना दर नायट्रेटमागे 5 इलेक्ट्रॉन खपतात, अमोनियम होताना 8. अन्न भरपूर आणि नायट्रेट मोजके असेल, तर 8 घेणारी वाट परवडते. म्हापसा-पणजी मार्गावर बस कमी असल्या की कंडक्टर 'फाटीं वच' (मागे सरक) म्हणत एकेका गाडीत जास्त माणसे कोंबतो, तसेच. नायट्रेट मुबलक आणि अन्न बेताचे असेल, तर पारडे वायूकडे झुकते.

अमोनियमची वाट नगण्य नाही. दिवाडी आणि शापोरा नदीकाठच्या तुये इथल्या कांदळवनांवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या गाळात नाहीसे होणारे नायट्रेट 99 टक्क्यांपर्यंत अमोनियमच्या वाटेने जाते, असे त्यात आढळले. माणसाचा हात कमी लागलेल्या तुयेत हा वेग दिवाडीच्या दुप्पट होता.

खाऱ्या चिखलात आणखी एक मेख आहे. अन्न जास्त झाले की नायट्रेट लवकर संपते आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू माजतात. त्यांनी सोडलेले सल्फाइड म्हणजेच तो कुजका वास. नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणाऱ्या विकराला तांबे लागते आणि सल्फाइड नेमके तांब्यालाच धरते. साखळी तिथेच अडते. अडकलेला नायट्रस ऑक्साइड हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो.

म्हणून शेतातून निचरा होणारे पाणी शुद्ध करायला लाकडाचे तुकडे भरलेले चर वापरतात. लाकूड सावकाश कुजते, अन्न थेंबाथेंबाने मिळते. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत, काही टाकायचा बेत असेल, तर नायट्रेटसोबत अमोनियम आणि नायट्रस ऑक्साइडही मोजून घ्यावे. नुसता नायट्रेटचा आकडा बाटली विकणाऱ्याच्या सोयीचा.