रबरी चप्पल घातली की करंट लागत नाही?

‘पायात रबरी चप्पल असेल तर साचलेल्या पाण्यात करंट लागत नाही’, हा मेसेज जुना आहे. तो खरा वाटतो, कारण कोरडं, अखंड रबर वीज अडवतं हे खरंच आहे.

पण घरी टबात पाणी घेऊन चप्पलसकट पाय ठेवून बघा. पाणी लगेच बोटांच्या बेचक्यांत शिरतं, घोट्यावर चढतं. रबर राहतं फक्त तळव्याखाली. बाकी त्वचा थेट पाण्यात. विजेला सोलमधून जायची गरजच उरत नाही. आणि प्रवाह लागतो तरी किती? घरातल्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, बहुधा 30 मिलिअँपिअर छापलेलं असतं. त्याहून जास्त प्रवाह शरीरातून गेला तर जीव जाऊ शकतो.

दिव्याच्या खांबाची वायर सोलवटली असेल, तर आसपासच्या पाण्यातही वीज उतरते. खांबाजवळ व्होल्टेज जास्त, लांब कमी. म्हणून मोठं पाऊल टाकलं तर दोन पायांमधला व्होल्टेजचा फरक वाढतो आणि त्यामुळे शरीरातून प्रवाह वाहतो.

खांब, फीडर बॉक्स (रस्त्याकडेचे विजेचे डबे) यांच्यापासून लांबून जा. पायाला झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, पाय जवळ ठेवून, न उचलता, सरकत मागे फिरा. मग वीज कंपनीला फोन करा आणि मागून येणाऱ्यांना अडवा.