घटनास्थळ संग्रहालय, विष सोमल

व्हिक्टोरियन काळातल्या खुनाच्या गोष्टीत विष म्हटलं की बहुधा सोमलच, म्हणजे आर्सेनिकचं पांढरं संयुग, निघतो. उंदरांसाठी म्हणून तो स्वस्तात मिळे, दिसे पिठासारखा, चव जवळपास नाही आणि लक्षणं पटकीची. म्हणूनच १८५१च्या इंग्रजी कायद्यानं किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायला लावली.

घटनास्थळ संग्रहालय असेल तर मात्र पंचाईत, कारण सोमल तिथे आधीपासूनच असतो. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातडीला कीड लागू नये म्हणून तिला आतून सोमलाचा साबण चोपडत. अठराव्या शतकातल्या बेकूर या फ्रेंच माणसाची ही कृती: साबण, जवळपास तेवढाच सोमल, शिवाय कापूर, चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट.

मग विषप्रयोग सिद्ध कसा करायचा? १८३२च्या बॉडल या विषप्रयोगाच्या खटल्यात रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी सोमलाचा पिवळा साका काढला खरा, पण ज्यूरीपुढे येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. त्यावर त्यांनी १८३६ साली नवी चाचणी मांडली. नमुन्यात जस्त आणि विरल गंधकाम्ल घातलं की हायड्रोजन सुटतो. सोमल असेल तर सोबत आर्सिन, म्हणजे आर्सेनिक आणि हायड्रोजनचा वायूही. नळीच्या टोकाशी तो पेटवायचा आणि ज्योतीत थंड चिनी मातीची बशी धरायची. बशीवर चकचकीत काळपट डाग उमटतो. उपकरणातली हवा निघून जाण्याआधी काडी लावली तर स्फोट. आर्सिन स्वतःच जहरी. रसायनज्ञ गेहलेन १८१५ साली त्यानंच गेले. नमुन्यात आतड्याचा अंश राहिला तर फेस नळीत चढतो, म्हणून सेंद्रिय भाग आधी नष्ट करावा लागतो. अँटिमनीचाही डाग असाच दिसतो, पण सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सोमलाचा विरघळतो, अँटिमनीचा राहतो.

सगळ्यात वाईट घोळ रसायनांतच असतो. बाजारच्या जस्तात आर्सेनिक असू शकतं, तेव्हा आधी नमुन्याशिवाय कोरी चाचणी हवीच. १८५९च्या स्मेथर्स्ट खटल्यात आल्फ्रेड टेलर यांच्यासारखा जाणता विषतज्ज्ञ फसला: त्यांनी राइन्श चाचणी (आम्लात तांबं घातलं की त्यावर आर्सेनिकचा थर बसतो) वापरली होती आणि एका बाटलीत सापडलेलं आर्सेनिक त्यांच्याच तांब्याच्या जाळीतून आलं होतं. फाशीची शिक्षा झालेल्या स्मेथर्स्टला खुनाच्या आरोपातून माफी मिळाली.

संग्रहालयातल्या मृताचे केस तपासून तर फारसं हाती लागणार नाही. धुळीतला सोमल केसांतल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, धुऊनही नीट जात नाही. पेंढा भरणारा कारागीर असेल तर त्याच्या केसांत आर्सेनिक सापडणारच. विष पोटात गेलं का, हे यकृत आणि जठरातला ऐवज तपासूनच पाहावं लागेल.