शेवंती की ॲस्टर? आधी फूल उलटं करून बघा

ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूने जांभळी नाक्याच्या बाजारात शिरलं की सुट्या फुलांच्या टोपल्या लागतात. झेंडू कुणालाही ओळखता येतो, गुलाबाचा प्रश्नच नाही. घोळ होतो तो पांढऱ्या आणि गुलाबी फुलांच्या दोन ढिगांपाशी. एक ढीग शेवंतीचा, दुसरा ॲस्टरचा, म्हणजे फूलवाल्यांच्या तोंडचा 'अष्टर'. वरून बघितलं तर दोन्ही गच्च पाकळ्यांची, गोल, तळहातात मावतील एवढी. गर्दीत पाव किलो शेवंती मागितली आणि पिशवीत ॲस्टर आला, तर घरी पोचेपर्यंत लक्षातही येत नाही. हारात ओवायची असतील तर फारसं बिघडत नाही. फुलदाणीत ठेवायची असतील तर मात्र बिघडतं.

दोन्ही फुलं सूर्यफुलाच्या कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा झुबका असतो. कडेच्या लांब पाकळ्या ही एका प्रकारची फुलं आणि मधली पिवळी चकती ही दुसऱ्या प्रकारच्या चिमुकल्या फुलांची दाटी. माणसाने निवडून निवडून वाढवलेल्या भरगच्च वाणांत ती चकती पाकळ्यांखाली झाकून जाते किंवा उरतच नाही. वरून ओळखायची खूण तिथेच संपते. म्हणून फूल उलटं करायचं.

ॲस्टरच्या फुलाखाली हिरव्या पानांची झालर असते. चांगली ठसठशीत, लहान पानांसारखीच दिसणारी, फुलाभोवती बाहेर पसरलेली. शेवंतीच्या खाली असलं काही नसतं. तिथे एकावर एक चिकटलेल्या छोट्या खवल्यांची वाटी असते आणि त्या खवल्यांच्या कडा पातळ, सुकल्या कागदासारख्या दिसतात. एकदा दोन्ही फुलं शेजारी धरून पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

दांडीसकट जुडी घेत असाल तर काम आणखी सोपं. शेवंतीचं पान खोल कातरलेलं असतं, आणि चुरगळून नाकाशी धरलं की कडवट, औषधी वास येतो. ॲस्टरचं पान साधं, कडेला मोठे दाते असलेलं, हाताला किंचित खरखरीत, आणि त्याला तसा वास नाही. शेवंतीची दांडी खाली लाकडासारखी टणक होत जाते, ॲस्टरची मऊ आणि लवदार राहते. दुकानदारासमोर पान चुरगळायला संकोच वाटत असेल तर जुडीतून गळालेलं एखादं उचला, तेवढ्यात भागतं.

रंगाचीही मदत होते, पण अर्धीच. ठसठशीत हळदी पिवळा दिसला की ती शेवंती समजा, निळसर जांभळा दिसला की ॲस्टर. ॲस्टरमध्ये पिवळा रंग फिकट आणि क्वचित मिळतो. शेवंतीत तर खरा निळा निसर्गतः नाहीच. जपानमधल्या संशोधकांनी 2017 साली निळी शेवंती जाहीर केली, तीसुद्धा जनुकं बदलून. त्यातलं एक जनुक आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचं होतं, याची मला अजून गंमत वाटते. तेव्हा लग्नाच्या सजावटीत कुणी निळीशार शेवंती दाखवली तर ती पांढरी फुलं रंगवलेली आहेत हे ओळखा. ओल्या बोटांनी चोळून पाहा, रंग बोटाला लागतो का ते. पांढऱ्या आणि गुलाबीसाठी मात्र फूल उलटं करण्याला पर्याय नाही.

दोघींचा हंगामही वेगळ्या हिशेबाने चालतो. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. म्हणून तिचा नैसर्गिक बहर दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्गशीर्षात जोरात असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या संध्याकाळी ठाण्यात, वाशीत, ऐरोलीत जिकडेतिकडे शेवंतीच्या वेण्या टांगलेल्या दिसतात, त्या उगाच नाहीत. इतर महिन्यांतली शेवंती शेतकऱ्याच्या हिकमतीवर येते. रात्री दिवे लावून तो तिला थोपवून धरतो, किंवा काळ्या कापडाखाली झाकून लवकर फुलवतो. ॲस्टर दरवेळी बियांपासून नव्याने लावतात, शेवंतीसारखा मुनव्यांपासून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून नाही. पेरल्यापासून साधारण तीन-चार महिन्यांत तो फुलतो, आणि पेरणी मागेपुढे करून शेतकरी त्याला सणासाठी गाठू शकतो. पुण्याच्या गणेशखिंड कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले 'फुले गणेश' मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण घाटावरच्या शेतकऱ्यांना चांगले परिचयाचे आहेत. माझा सल्ला सरळ आहे: गणपतीत ॲस्टर, मार्गशीर्षात शेवंती.

आता घरातली गोष्ट, जिथे हा फरक खरा जाणवतो. शेवंती पाण्यात दीड-दोन आठवडे सहज निघते. ॲस्टर पाच-सात दिवस, फार तर थोडा जास्त, आणि ठाण्याच्या दमट उकाड्यात तेवढाही नाही. शेवंतीचं फूल ताजं असतानाच तिची पानं पिवळी पडतात. लोकांना वाटतं संपली, आणि ते जुडी कचऱ्यात टाकतात. पानं खुडून टाका, फूल अजून आठवडाभर छान दिसेल. ॲस्टरचं उलटं. त्याची मऊ दांडी आणि पाण्यात बुडालेली पानं लवकर कुजतात, पाणी गढूळ होऊन वास मारू लागतो आणि मग फूल मान टाकतं. पाण्याच्या पातळीखालची सगळी पानं काढायची, रोज पाणी बदलायचं आणि दर वेळी दांडीचं टोक बोटभर तिरकं कापायचं. शेवंतीला दिवसाआड पाणी बदललं तरी चालतं, फक्त तिची तळाची लाकडासारखी दांडी कापून टाका, कारण तिथून पाणी नीट चढत नाही. घेताना दोन्ही फुलं बरीचशी उमललेलीच घ्या. घट्ट कळ्या घरी फुलतील या आशेवर घेऊ नका.

म्हणून एका संध्याकाळचं हळदीकुंकू किंवा बारसं असेल तर ॲस्टरवर पैसे घाला. जांभळ्या-गुलाबी-पांढऱ्याची अशी सरमिसळ शेवंतीत मिळत नाही. दांड्या आखूड कापून पितळी घंगाळात पाण्यावर सोडली तर फुलं सबंध संध्याकाळ टवटवीत राहतात. पाहुणे चार दिवस राहणार असतील, किंवा पूजेनंतरही दिवाणखान्यात फुलं हवी असतील, तर शेवंती. वेणीलाही तीच. दिवसभर डोक्यात माळूनही ती चेहरा टिकवून धरते.

दोन ठिकाणी मात्र शेवंती टाळा. घरात मांजर असेल आणि तिला पानं चावायची खोड असेल तर शेवंती नकोच, ती मांजरांना आणि कुत्र्यांना बाधते. काही माणसांच्या हातालाही तिच्या रसाने खाज सुटते, ताटभर वेण्या गुंफणाऱ्यांना हे ठाऊक असतं. दुसरं म्हणजे, कंपनीत फ्रान्स किंवा इटलीहून पाहुणे येणार असतील तर स्वागताच्या गुच्छात ती घालू नका. तिकडे शेवंती थडग्यावर वाहतात. आपल्याकडे देवीच्या वेणीत मानाने बसणारं फूल पाहुण्याच्या हातात देऊन त्याला कोड्यात कशाला टाकायचं?

जाता जाता तिसऱ्या एकाचा उल्लेख करायला हवा. तयार गुच्छात भरणा म्हणून बारीक जांभळी फुलं घालतात, पिवळ्या मध्याची, फांदीभर लगडलेली. दुकानदार त्यांना 'ब्लू डेझी' म्हणतात. ती या दोघांचीही नात्यातली, पण निराळी. त्यांच्यासाठी वेगळा खर्च करू नका, गुच्छात आली तर असू द्या.

दिवाळीत एकाच फुलदाणीत दोन्ही ठेवायची असतील तर ॲस्टरच्या काड्या कडेने लावा आणि शेवंती मध्ये. वसुबारसेला सजवलेल्या फुलदाणीतला ॲस्टर पाडव्याच्या सुमाराला मलूल होईल. तो ओढून काढा, पाणी बदला, शेवंतीची पिवळी पानं खुडा आणि रिकाम्या जागी बाजारातून ॲस्टरची एक नवी जुडी आणून खोचा.