पुण्यातील मुष्टियुद्ध: छावणीचा साचा आणि त्याबाहेरचे खेळाडू

पुण्याच्या पेठांत तालमी होत्या, वस्ताद होते. हातमोजे घालून रिंगमध्ये उतरण्याची रीत मात्र लष्कराच्या छावणीतून आली, आणि येथील प्रशिक्षणावर त्या उगमाची छाप कायम राहिली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना रिंगमध्ये उतरवले जाते, तर २००१ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटने मुष्टियुद्धाला आपल्या मुख्य खेळांत स्थान दिले. देशात या खेळाचे पहिले द्रोणाचार्य पुरस्कारप्राप्त प्रशिक्षक ओ. पी. भारद्वाज (१९८५) हेही सैन्यातलेच. या परंपरेने शिस्त आणि दमसास दिला. पण तिच्या डोळ्यांसमोरचा खेळाडू म्हणजे धडधाकट तरुण पुरुष, हे मान्य करायला हवे.

या साच्याची मर्यादा मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण असले, तरी त्यांचा मूळ खेळ त्या स्पर्धांत नव्हता, आणि आजही नाही.

स्त्रियांची वाट नियमांनीच अडवून धरली होती. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे मुष्टियुद्ध १९०४ मध्ये आले, स्त्रियांचे थेट २०१२ मध्ये. तेही पुरुषांचे दहा वजनगट असताना केवळ तीन. सर्वांत हलका गट ५१ किलोचा असल्याने, त्याहून हलक्या गटांत पाच जागतिक विजेतेपदे मिळवलेल्या मेरी कोमला वजन वाढवून लढावे लागले, आणि तरीही तिने कांस्यपदक आणले. गटांची आखणी हा कागदी तपशील वाटतो, पण मुलीचा आहार, सराव आणि सरावातील जोडीदार त्यावरच ठरतो, म्हणून प्रशिक्षकाच्या दृष्टीने हाच समावेशाचा खरा प्रश्न आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली पुरुषांचे सात आणि स्त्रियांचे सहा गट झाले. त्याआधी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने हिजाब घालून खेळण्यास परवानगी दिली होती. कॅम्प-कोंढव्यातील ज्या घरांत मुलीचा खेळ पोशाखापाशी अडतो, त्यांच्यासाठी ही लहान बाब नव्हे.

सैन्यानेही आपले दार उघडले, पण उशिरा. २०२२ मध्ये जास्मिन लांबोरिया ही भारतीय सैन्यात भरती झालेली पहिली महिला मुष्टियोद्धा ठरली, आणि २०२५ मध्ये लिव्हरपूल येथे तिने ५७ किलो गटाचे जागतिक विजेतेपद जिंकले.