वेब सर्व्हरच्या फाइल: जागा आणि मालकीची पार्श्वभूमी

लिनक्सवर साइट चढवताना दोन प्रश्न हमखास पडतात: फाइल ठेवायच्या कुठे आणि करायच्या कोणाच्या नावावर? उत्तरं डिस्ट्रोगणिक, म्हणजे डेबियन, रेड हॅट अशा लिनक्सच्या वितरणांगणिक, बदलतात, कारण ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी ठरत गेली.

परवानग्यांची पद्धत वेबहून जुनी. लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या 1971 च्या मॅन्युअलमध्ये परवानग्या बदलणारी 'सीएचमॉड' ही आज्ञा आहे, पण मालक आणि बाकीचे एवढेच दोन पक्ष. ग्रुप मागाहून आला. एका मशीनवर बसणाऱ्यांनी एकमेकांच्या फाइलींना हात लावू नये, हा मुख्य हेतू. वापरकर्ता म्हणजे माणूस, हे त्यात धरलेलंच होतं. वेब सर्व्हर मशीनच्या दृष्टीने एकच वापरकर्ता असतो, पण त्याच्या आडून फाइल मागत असतं अख्खं जग.

1024 च्या खालचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची क्रमांकित दारं, फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, उघडता येत. म्हणून सर्व्हरची मूळ प्रोसेस रूट म्हणून सुरू होऊन वेबचं पोर्ट 80 धरते आणि विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस दुबळ्या, म्हणजे कमी हक्कांच्या, खात्यावर उतरवते. सुरुवातीला हे खातं बहुधा 'नोबडी' असे. मग बाकीच्या सेवाही त्याच खात्यावर चालू लागल्या आणि एक फुटली की दुसरीला धोका. डेबियनचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटचं अपाचे, सुसेचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरन ही वेगळी खाती त्यावरचा तोडगा. या खात्याने दुबळं असावं हीच अपेक्षा, तरी सगळी साइट सरसकट त्याच्याच नावावर करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. मग हल्लेखोराला सर्व्हरमधून शिरकाव मिळाला की पानं बदलणंही त्याच्या हातात. वाचायला 644 पुरते, म्हणजे मालकाला लिहिता-वाचता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता. लिहिण्याचा हक्क अपलोडच्या डिरेक्टरीपुरता द्यावा. सगळ्यांना सगळे हक्क देणाऱ्या 777 बद्दल न बोललेलंच बरं.

जागेची कथा जास्त विस्कळीत. 1993 चा एनसीएसए हा सुरुवातीचा वेब सर्व्हर ॲडमिन स्वतः कंपाइल करी, त्यामुळे प्रोग्राम, कॉन्फिग, पानं सगळं /यूएसआर/लोकल खाली एकत्र. डिस्ट्रो तयार पॅकेज देऊ लागल्यावर ही सोय मोडली. रेड हॅटने पानं आधी /होम/एचटीटीपीडी मध्ये ठेवली, 2000 च्या आवृत्ती 7 पासून /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये. डेबियननेही तीच डिरेक्टरी वापरली. 2015 च्या 'जेसी' या डेबियनच्या आवृत्तीत मूळ साइट तिच्या आत 'एचटीएमएल' मध्ये सरकली. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या साइटच्या फाइल त्यामुळे मूळ साइटच्या पत्त्यावरून उघड्या पडत नाहीत. 2004 मध्ये फाइलसिस्टिमच्या मानकाने अशा डेटासाठी /एसआरव्ही सुचवलं. मोठ्यांपैकी सुसेने ते मनावर घेतलं.

वापरकर्त्याने स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीतल्या 'पब्लिक_एचटीएमएल' मध्ये पानं ठेवायची जुनी प्रथा मात्र परवानग्यांत अडकते. फाइल 644 असूनही 403, म्हणजे 'परवानगी नाही' असा नकार, येतो, कारण वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर सर्व्हरला एक्स, म्हणजे आत शिरण्याचा हक्क, हवा आणि घर बऱ्याचदा 700, म्हणजे फक्त मालकाला उघडं, असतं. उबुंटूने 21.04 पासून नव्या वापरकर्त्यांची घरं 755 ऐवजी 750 केली, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना बंद. जुन्या मशीनवर चालणारी मांडणी नव्यावर तशीच उतरवली तर अडते. 'नेमआय -एल' ला पूर्ण पाथ दिला की कुठल्या पायरीवर अडलं ते एका नजरेत दिसतं.

फेडोरा, रेड हॅटवर त्यापुढे एसईलिनक्स, म्हणजे प्रत्येक फाइलवरच्या लेबलनुसार प्रवेश ठरवणारा आणखी एक पहारा. घरातून 'एमव्ही' ने हलवलेली फाइल घराचंच लेबल घेऊन येते, 'सीपी' ने केलेली प्रत नव्या जागेचं घेते. 'एलएस -एल' मध्ये मालक, परवानग्या सगळं ठाकठीक दिसतं. लेबल पाहायला कॅपिटल झेडचा पर्याय जोडावा लागतो आणि ते दुरुस्त करायला 'रिस्टोरकॉन'.