खंड्याचा निळा रंग कॅमेऱ्यात का सापडत नाही?

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जावं, खंड्याचा फोटो काढायला जाऊ नये. तलाव शहराच्या पश्चिमेला. शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की मावळतीचं ऊन थेट लेन्समध्ये शिरतं आणि समोरच्या फांदीवरचा खंड्या फोटोत काळाकुट्ट येतो. त्याच जागी सकाळी आठच्या आत जा. ऊन पाठीशी असतं आणि तोच पक्षी इतका निळा दिसतो की घरचे विचारतात, रंग वाढवलास का रे?

ऊन पाठीशी ठेवा हे कुणीही सांगेल. खंड्याच्या बाबतीत मात्र त्याचं कारण पिसाच्या आत आहे. या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो पांढऱ्या छातीचा खंड्या. तपकिरी डोकं, लालभडक चोच, निळी पाठ. डोक्याचा तपकिरी रंग रंगद्रव्याचा, पण पाठीचा निळा बांधणीचा. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक काड्या फुटतात. या काड्यांच्या आत केराटिन, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात तेच प्रथिन, आणि हवा यांची मिळून आंबोळीला पडते तशी जाळी असते. जाळीतल्या छिद्रांमधलं अंतर निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी आणि बरंचसं एकसारखं असतं. त्यामुळे ठिकठिकाणांहून परतणाऱ्या निळ्या लहरी एकमेकींना जोर देतात. बाकीचा प्रकाश आत जातो आणि खालचं मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य तो शोषून घेतं. गळून पडलेलं निळं पीस उजेडासमोर आडवं धरून बघा, मळकट तपकिरी दिसेल. कुटून भुकटी केली तरी निळा जातो, कारण जाळीच मोडते.

सी. व्ही. रामन यांनाही हा प्रश्न पडला होता. नोबेल मिळाल्यावर चार वर्षांनी, १९३४ मध्ये, त्यांनी नीलपंखाच्या पिसांवर शोधनिबंध लिहिला. हिवाळ्यात उसाच्या फडाकडेच्या तारांवर बसतो तोच हा नीलपंख. आकाश निळं दिसतं तसंच हेही साधं विखुरणं, असं तेव्हा मानलं जाई. रामन यांना ते पटलं नाही. पुढे १९९८ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका पक्ष्याच्या निळ्या पिसांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं गणिताने तपासली आणि जाळीत दडलेली ही शिस्त दाखवून दिली.

जाळी पुरती रेखीव नसल्याचा आपल्याला फायदाच होतो. ढगाळ उजेडात खंड्या कोणत्याही बाजूने निळाच दिसतो. शिंजीर तसा नाही. त्याच्या पिसांत मेलॅनिनचे थर पद्धतशीर रचलेले असतात; त्याने मान जराशी वळवली की जांभळी झळाळी जाऊन काळा रंग उरतो. म्हणून शिंजीरासाठी कोवळं ऊन हवं, खंड्यासाठी पातळ ढगही चालतात. मला तर तेच बरे वाटतात, कारण कडक उन्हात त्याची पांढरी छाती फोटोत नुसती पांढरी पडते, पिसं दिसतच नाहीत.

कॅमेऱ्याचीही एक अडचण आहे. बहुतेक सेन्सरवर दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल आणि एकच निळा असतो. गडद निळ्या पाठीचा बहुतेक तपशील त्या एका ठिपक्यावर येऊन पडतो. तो ठिपका भरून वाहिला की पाठ सपाट दिसते, मग कितीही मोठी लेन्स असो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. काळपट आलेला निळा नंतर उजळता येतो, उडून गेलेला परत मिळत नाही.

आता जवळ जाण्याबद्दल. ५०० मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, छिद्र एफ ६.३ आणि पक्षी पाच मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम चार सेंटिमीटर भरते. खंड्याची चोच त्याहून लांब! तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा रेखीव येतो तेव्हा चोचीचं टोक पुसट होतं. दहा मीटरवर तीच खोली चौपट, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. त्यामुळे पक्षी फ्रेममध्ये मावेना इतकं पुढे सरकण्यात शहाणपण नाही. तो आडवा बसेपर्यंत थांबावं.

आणि पाठलाग करायचीही गरज नसते. खंड्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. भक्ष्य घेऊन तो बऱ्याचदा त्याच फांदीवर परततो. कळंबा तलावाच्या बाजूला गाडी उभी करून काचेआडून बसलं तर चालत येणाऱ्या माणसापेक्षा तो गाडीला कमी बुजतो. काठाच्या मातीत बीळ दिसलं आणि तो चोचीत काही धरून घुटमळत असेल, तर मात्र तिथून निघावं. पिल्लांचं खाणं आपण अडवलेलं असतं.

मासा किंवा सरडा फांदीवर आपटताना टिपला तर डोळा कधी कधी दुधाळ पांढरा येतो. फोकस चुकला म्हणून लोक असे फोटो सर्रास उडवतात. ती त्याची तिसरी पापणी असते, आडवी सरकून बुबुळाला सांभाळणारी, आणि १/२००० सेकंदाच्या शटरशिवाय ती सहसा नीट सापडत नाही.